माझी खरखरीत जीभ आणि आबांचा हात

मित्रांनो, मी एक जुनी मांजर आहे. माझे सुळे कधीच पडले. उंदीर माझ्या नाकासमोरून निवांत जातात आणि मी त्यांना पाहिलंच नाही असं दाखवते. कान थोडे कमी ऐकतात, उडी कणगीच्या अर्ध्यावरच संपते. पण माझी जीभ अजून जशीच्या तशी आहे. पहिल्या दिवशी होती तितकीच खरखरीत. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते या जिभेमुळं झालं आणि जे वाईट झालं तेही तिच्यामुळंच. म्हणून आज तिच्याबद्दलच सांगते.

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात, कालव्याच्या पलीकडं धनगरांची एक वस्ती आहे. तिथं म्हस्कूआबांच्या अंगणात कडब्याची गंज होती. तिच्या पोटात माझा जन्म झाला. गावात पहिला फोन लागला त्याच साली. डोळे उघडायच्या आधी मला जगाची एकच ओळख होती, ती म्हणजे आईची जीभ. ती सकाळी चाटायची, संध्याकाळी चाटायची, दूध पाजून झालं की चाटायची. त्यानं अंग स्वच्छ व्हायचं, ऊब यायची, आणि तिचा वास आमच्या अंगाला लागून आम्ही तिचे व्हायचो. आम्हा मांजरांच्यात 'तू माझा आहेस' हे सांगायला दुसरा शब्द नाही. चाटायचं, एवढंच.

मग एकदा आई उसाच्या फडाकडं शिकारीला गेली ती परत आली नाही. माझी भावंडं भुकेनं एकेक करून गप्प झाली. मी मात्र जन्मापासूनच आरडाओरडा करणारी. गुरांना कडबा काढायला आलेल्या आबांनी तो आवाज ऐकला, पेंढी बाजूला केली आणि मला एका हातावर उचललं. तो हात एवढा मोठा होता की मला वाटलं, हेच आता घर.

म्हस्कूआबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. पुढं कालव्याला पाणी आलं, मुलगा संपत मोठा झाला, रानात ऊस उभा राहिला. संपत म्हणाला, आता वणवण पुरे. ते खरंही होतं. आबांचे गुडघे गेले होते, डॉक्टरनं रक्तात साखर सांगितली होती. मेंढरं विकली. आबा एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. पण त्यानंतर संध्याकाळ झाली की ते अंगणातल्या खाटेवर बसायचे आणि उजवा हात खाटेखाली सोडून तळवा उघडा ठेवायचे. मेंढरांना मीठ चारताना धरायचा तसा. तळव्यात मीठ नसायचं आणि अंगणात मेंढरू नसायचं.

गिताबाई, म्हणजे आबांची बायको, ते पाहून न पाहिल्यासारखं करायची.

आबांनी मला कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून वाढवलं. माझा रंग राखाडी, म्हणून नाव ठेवलं भुरी. त्यांच्या एका लाडक्या मेंढीचंही तेच नाव होतं, हे मला मागाहून कळलं. थोडी चालू लागले तशी मी एका संध्याकाळी खाटेखाली गेले. तो उघडा हात दिसला. घामाचं खारटपण होतं त्याला, तंबाखूचा वास होता, आणि कितीही धुतलं तरी न गेलेला लोकरीचा वास होता. मी तो चाटला.

माझ्या जिभेवर बारीक बारीक काटे आहेत, घशाच्या दिशेला वळलेले. केस विंचरायला आणि हाडावरचं मांस सोडवायला ते कामाला येतात. माणसाला मात्र ती जीभ टोचते. दुसरं कुणी असतं तर हात झटकला असता. आबा दचकले, खाली वाकून पाहिलं आणि मग हसले.

"गिते," ते म्हणाले, "भुरीला मीठ पायजेल हाय."

गिताबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मीठ न्हाई, खूळ लागलंय तुमाला. हात धुवा आन् जेवाया बसा."

मित्रांनो, माणसं विचारतात की मांजर माणसाला का चाटते. तुम्हाला खरं सांगते. थोडं त्या खारटपणासाठी. थोडं आईची सवय म्हणून. लहानपणी आई दुरावली की आम्हाला ही सवय जास्तच लागते. कधी जीव घाबरा झाला की स्वतःला समजवायलाही आम्ही चाटतो. पण बरंचसं यासाठी की त्या माणसाच्या अंगाला आमचा वास लागावा आणि तो आमच्यातला व्हावा. आबांच्या तळव्याला मी रोज संध्याकाळी माझं करून घ्यायची. ते डोळे मिटून बसायचे. त्या वेळी त्यांच्या मनात मी असायची की त्यांची मेंढरं, हे मी कधी विचारलं नाही. मला तो हात मिळत होता, तेवढं पुरे होतं.

काम मी चोख केलं. गिताबाईच्या ज्वारीच्या कणगीला उंदराचा दात लागू दिला नाही. घोंगड्यांच्या वळकटीत उंदरीण व्याली होती, ती मी शोधून काढली. शेजारच्या वस्तीवरच्या कस्तुराबाई मला मागायला आल्या तेव्हा गिताबाईनं साफ सांगितलं, "सून मागा, भुरी न्हाई मिळायची." हे मी कणगीवरून ऐकलं आणि दिवसभर शेपूट उभी करून हिंडले. संपतची मुलगी हर्षदा तेव्हा शाळेत जायला लागली होती. तिनंही एकदा आबांचं पाहून हात पुढं केला. मी मनापासून चाटला. ती "आई गं, किसणी" म्हणत पळाली आणि नंतर तिनं तो हात कधी पुढं केला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्याकडं एक हात होता.

एका वर्षी उसाची तोड झाल्यावरची गोष्ट. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाणी द्यायला आबा रानात गेले. चिखलात वहाणा रुततात म्हणून त्या बांधावर काढून ठेवल्या. तोडलेल्या उसाचा बुडखा टोकदार असतो. तो त्यांच्या तळपायात, अंगठ्याच्या खाली शिरला. साखरेच्या आजारानं पायाची जाणीव कमी झाली होती, त्यामुळं त्यांना कळलंच नाही. घरी येऊन खाटेवर बसले तेव्हा शेणानं सारवलेल्या अंगणात लाल ठसे उमटलेले हर्षदानं पाहिले.

"आबा, तुमच्या पायाला रगत आलंय."

आबांनी पाय उचलून पाहिला. "व्हय की. कवा लागलं कुनास ठाऊक."

आता यापुढचं नीट ऐका. आबांच्या जागी दुसरा शेतकरी असता तर त्यानं चिंधी बांधली असती किंवा दवाखाना गाठला असता. पण आबांनी आयुष्य डोंगरात काढलेलं. तिथं कुठला दवाखाना. काटा मोडला, दगड लागला, की त्यांचा भुंग्या कुत्रा जखम चाटायचा आणि वरून हळद दाबायची. मेंढरामागच्या सगळ्या माणसांचा हाच रिवाज होता. मुक्या जनावराच्या जिभेत औषध असतं असं ते मानत. भुंग्यानं चाटलेल्या किती तरी जखमा आबांच्या बऱ्या झाल्या होत्या. त्या वेळी आबा तरणे होते, रक्तात साखर नव्हती, आणि ज्यांच्या जखमा बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी उरलं नव्हतं. हा हिशेब कुणी केला नाही.

त्यांनी पाय पुढं केला आणि मला म्हणाले, "चाट गं भुरे. माज्या भुंग्यावानी चाट."

कुत्र्याशी माझी तुलना मला एरवी खपली नसती. पण आबांनी आपण होऊन काही मागितलं होतं. मी चाटलं. अगदी आई मला चाटायची तसं, मन लावून. वरून त्यांनी हळद दाबली आणि फडकं गुंडाळलं.

"आजीला सांगू नगंस," ते हर्षदाला म्हणाले. "उगं वरडत बसंल."

रोज संध्याकाळी फडकं सुटायचं. मी चाटायची. हर्षदा दाराच्या चौकटीला टेकून बघायची. आबांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक समाधान असायचं. मला वाटतं, जखम बरी होते की नाही यापेक्षा त्यांना आणखी एका गोष्टीची खात्री हवी होती. अजून एक जनावर आपली काळजी घेतं याची. मला त्या जखमेची चव बदललेली जाणवत होती, वास उग्र होत चालला होता. म्हणून मी अधिकच चाटू लागले. मला दुसरं काय येत होतं?

एक दिवस आबा खाटेवरून उठले नाहीत. अंग तापानं फणफणलं होतं. पाय सुजून घोट्यापर्यंत काळपट झाला होता. गिताबाईनं फडकं सोडलं आणि खालीच बसली. "हे काय करून घेतलंसा?" ती विचारत राहिली. आबा भ्रमात काहीतरी पुटपुटत होते. मग हर्षदा रडत म्हणाली, "भुरी रोज चाटत व्हती. आबाच म्हनले, सांगू नगंस."

आबांना जीपमध्ये घालून शिरूरला नेलं. मी जीपच्या मागं कालव्याच्या पुलापर्यंत धावले.

दुसऱ्या दिवशी संपत परत आला. त्याचे डोळे सुजलेले होते. अंगठा काढावा लागणार, कदाचित पायही जाईल, असं तो आईला सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर माझ्यावर गेली. संपत वाईट माणूस नव्हता. बापाला त्यानंच वणवणीतून सोडवलं होतं. बापाचा पाय वाचत नाही म्हटल्यावर कुणावर तरी राग काढायला हवा होता, आणि मी समोर होते. त्यानं खताचं रिकामं पोतं घेतलं. मी पळालेसुद्धा नाही, कारण त्याचा हात आबांच्या हातासारखाच दिसायचा.

पोत्याचं तोंड बांधण्याआधी मला हर्षदा दिसली. ती चौकटीला धरून उभी होती. ती काहीच बोलली नाही.

संपतचा ट्रॅक्टर त्या हंगामात पाटसच्या साखर कारखान्याला ऊस वाहत होता. उसाच्या गाडीवर पोत्यात बसून मी तालुका ओलांडला. न्हावरं गेलं, चौफुला गेला. कारखान्याच्या आवारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची लांबच लांब रांग लागलेली होती. मळीचा वास, उसाच्या भुशाची धूळ, बैलांच्या घंटा आणि वर धुराडं. संपतनं पोत्याचं तोंड सोडलं. मी बाहेर आले. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला आणि मग म्हणाला, "जा बाई. मला माफ कर." आणि पुढं सरकलेल्या रांगेत निघून गेला.

आवाराच्या तोंडाशी साखरबाईंचं चहा-भज्यांचं दुकान होतं. रुंद कपाळाची, मोठ्या आवाजाची बाई. गाडीवानांना ती मुलांसारखी दमात घ्यायची. मला पाहून तिनं एका ताटलीत दूध ओतलं आणि मनी अशी हाक मारली. दूध मी प्यायले. पण त्या नावाला मी कधी मान वळवली नाही. माझं नाव भुरी होतं.

तिच्या पिठाच्या डब्याशी मी उंदीर मारले. मिळालेल्या दुधाची परतफेड झाली पाहिजे, असं मला वाटायचं. दुपारी गर्दी ओसरली की साखरबाई बाकड्यावर बसायची आणि हात खाली सोडायची. "ये गं मने. चाट की. मांजरं चाटत्यात म्हनं मानसाला." तिच्या हाताला साखर लागलेली असायची, भज्यांचं मीठ असायचं. मी तोंड फिरवायची. तिला वाईट वाटायचं हे दिसायचं मला. पण मित्रांनो, त्या दिवसांत माझी जीभ मी फक्त माझ्याच अंगाला लावली. पुढच्या पायावरची एकच जागा मी इतकी चाटली की तिथले केस गेले आणि कातडी लाल झाली. काळजीनं आमचं असं होतं. साखरबाई म्हणायची, खरूज झाली. मला खरूज झाली नव्हती. मला घरी जायचं होतं.

हमरस्त्यावरून बसगाड्या जायच्या. थांबल्या की मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. कुणी लाल पागोट्याचं उतरलं की उभी राहायची, आणि तो माणूस दुसराच निघायचा. आबा जिवंत आहेत का, हेही मला कुणी सांगणार नव्हतं. संपत खेप घेऊन यायचा तेव्हा रांगेतून मला बघायचा आणि मान खाली घालायचा. त्याच्या कपड्यांना आबांच्या घोंगडीचा वास येतो का, हे पाहायला मी त्याच्या ट्रॅक्टरपर्यंत जायची. वास यायचा. पण नुसत्या वासानं भागत नव्हतं.

इकडं निमोण्यात काय घडलं ते पुढं घरात इतक्या वेळा बोललं गेलं की मला पाठ झालं आहे.

आबांचा पाय वाचला, अंगठा गेला. काठी टेकत ते घरी आले, खाटेवर बसले आणि हात खाली सोडला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"भुरी कुठं हाय?"

गिताबाई भांडी घासत राहिली. संपत म्हणाला, "आबा, तिला लांब पाटसला सोडलीया. तिच्यापायीच झालं समदं."

आबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "पाय म्या पुढं केला. चाट म्हनून म्या सांगितलं. ती काय म्हनाली व्हती का, तुमची जखम द्या मला? माज्या चुकीला मुकं जनावर घालवलंस व्हय?"

"आन् पुन्ना चाटलं म्हंजी? आता पायच काढतील."

आबांनी पट्टी बांधलेला पाय खाटेवर ओढून घेतला. तेही घाबरले होते. जनावराच्या जिभेत औषध असतं हे त्यांनी जन्मभर मानलं, आणि आता घरात सगळे म्हणत होते की तिच्यात विष असतं.

ड्रेसिंगला शिरूरला जायचं होतं तेव्हा हर्षदा हट्टानं त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टर सुलक्षणाबाई पट्टी बांधत असताना तिनं विचारलं, "म्याडम, मांजराच्या जिभेत औषध असतं का इष?"

डॉक्टरीण बाईंनी कात्री खाली ठेवली. "दोन्ही नाही," त्या म्हणाल्या. "जंतू असतात. तसे तुझ्या-माझ्या तोंडातही असतात. कातडी धड असली तर ते आत शिरत नाहीत. मांजरानं हात चाटला तर साबणानं धुवायचा, संपलं. काहींच्या अंगावर चाटल्यानं पुरळ येतं, त्यांनी लांब राहावं. पण जिथं कातडी फाटलेली आहे तिथं चाटू द्यायचं नाही. तोंडाला, डोळ्यांना नाही. तान्ह्या बाळाला नाही. आबांच्या रक्तात साखर आहे, त्यांची जखम लवकर भरत नाही, म्हणून त्यांनी तर फार जपायचं. मांजर चावली, ओरखडली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवून लगेच इकडं यायचं."

"मग भुरीनं आबांचा अंगठा घालवला का?"

"जखम उसानं केली. जंतू चिखलातलेही असतील, मांजराच्या तोंडातलेही. पण खरं नुकसान झालं ते जखम लपवल्यानं. पहिल्याच दिवशी धुवून इथं आले असते तर अंगठा राहिला असता. मांजर आहे कुठं?"

हर्षदानं आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "पाटसला धाडलीया."

"तिला रेबीजची लस द्या आणि आणा घरी," बाई म्हणाल्या. "तिला इतक्या लांब घालवायची गरज नव्हती."

हंगाम संपत आला होता. दुपारची वेळ. मी साखरबाईंच्या पायरीवर होते. चौफुल्याकडून बस आली आणि तिच्यातून आधी काठी उतरली, मग पट्टी बांधलेला पाय, मग लाल पागोटं. या वेळी तो माणूस दुसरा निघाला नाही. आबांनी आवाराच्या तोंडाशी उभं राहून सगळीकडं पाहिलं. शेकडो बैल, ट्रॅक्टर, माणसं. कुणाला विचारावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी मान वर केली आणि डोंगरात पांगलेल्या मेंढरांना घालायची ती लांब हाळी घातली.

रांगेतल्या बैलांनीही माना वळवल्या. गाडीवान हसले. ट्रॅक्टरवर बसलेल्या संपतनं बापाला ओळखलं आणि तो खाली उतरून धावत आला. पण मी त्याच्या आधी पोचले.

काठीवरचा हात सोडून आबा खाली बसले. मी त्यांच्या हातापाशी गेले, जीभ बाहेर काढली, आणि त्यांनी मूठ आवळून घेतली.

मी मुठीला डोकं घासलं. मूठ उघडेना. मी मागं सरले. एवढे दिवस ज्या हाताची वाट पाहिली तो मला नको म्हणत होता. मी वळून बाकड्याखाली गेले आणि माझ्या पायावरची ती लाल जागा चाटू लागले.

"तसं न्हाई गं बाई," आबा म्हणाले. "काठीनं फोड आलाय हाताला. फुटलाय. आता तसा द्येता येत न्हाई तुला. डाक्टरनीनं सांगितलंय."

पण रुसव्यात ते बोलणं माझ्या कानात कुठं शिरत होतं? ते त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हा मी बाकड्याखालीच बसून राहिले. परतीची बस आली आणि गेली. आबा जमिनीवर बसून राहिले, साखरबाईंनी त्यांना चहा दिला, आणि ते माझ्याकडं पाहत राहिले. शेवटी त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्यासमोर अंथरली. ती त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची होती. त्या वासापुढं माझा मान टिकला नाही.

संपतनं पोतं आणलं. आबा म्हणाले, "पोत्यात न्हाई." घोंगडीत गुंडाळून त्यांनी मला छातीशी धरलं. साखरबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नाव काय हिचं?" तिनं विचारलं. आबांनी सांगितलं. "तरीच," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात एक नवा रिवाज सुरू झाला. शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मला लस टोचली, आणि टोचणाऱ्याला मी माझी नखं दाखवली, पण ते जाऊ द्या. संध्याकाळी आबा खाटेवर बसले की हर्षदा दिव्याखाली त्यांचे तळपाय तपासायची, मग दोन्ही हात. एकेक बोट उलटून पालटून. चीर आहे का, फोड आहे का. सगळं धड असलं की म्हणायची, "द्या आबा." मग तो हात खाली यायचा. माझं झालं की ती तांब्यातून पाणी घालायची आणि आबा साबणानं हात धुवायचे. माझा वास धुऊन जायचा याचं मला वाईट वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी तो परत लावता यायचा. कधी कातडीला चीर निघायची, आणि आबा मूठ आवळायचे. "उद्या," म्हणायचे. मी उद्यापर्यंत थांबायची. किती तरी वर्षं हे असंच चाललं. हर्षदा मोठी झाली, शिरूरला कॉलेजला जाऊ लागली, तरी संध्याकाळी तपासायला हजर असायची. पण तिनं स्वतःचा हात मला कधी दिला नाही. ती माझ्याकडं सरळ बघायचीही नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. कुठल्या जखमेनं नाही, म्हातारपणानं, आपल्या खाटेवर. दोन्ही पाय धड होते. माणसं आली, रडली, परतली. खाट उभी करून भिंतीला टेकवली. मी संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसते. गिताबाई मला हाकलत नाही. ती आता तिथंच येऊन बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल आणि ती तुम्हाला चाटत असेल, तर तिला दूर ढकलू नका आणि तिच्या जिभेला औषधही समजू नका. जखम झाली तर ती धुवा, झाका, मोठ्यांना सांगा, डॉक्टरकडं जा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही फक्त प्रेम करतो, आणि ते कुठं करू द्यायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं. चूक झाली तर पोतं शोधू नका. हात बरा होईपर्यंत आम्ही थांबतो.

हे सगळं आजच का सांगितलं? काल संध्याकाळी हर्षदा कॉलेजातून आली. हौदावर तिनं हात धुतले, खूप वेळ धुतले. मग दिव्याखाली धरून आपलीच बोटं तपासली, उलटून पालटून, आबांची तपासायची तशी. आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"भुरे," ती म्हणाली, "तू चाटतीस हे म्याच सांगितलं व्हतं. आन् पोतं बांधताना म्या गप ऱ्हायले." मग तिनं हात पुढं केला.

मी हुंगून पाहिलं. त्या हाताला मीठ नव्हतं, तंबाखू नव्हता, लोकर नव्हती. नुसता साबण होता. साबणाची चव मला मुळीच आवडत नाही.

मी चाटत राहिले.